जुन्या उपजिल्हा रुग्णालयासाठी शासनाकडे निधी मागायचा असेल तर आधी रेफर रजिस्टर उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय आहे. इमारत १९७० च्या दशकातली. पावसाळ्यात शस्त्रक्रियागृहाची भिंत ओल धरते, वायरिंग जुनं झालंय, प्रसूती कक्षात एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपवायची वेळ येते. इथे १०० खाटांचं अद्ययावत रुग्णालय व्हावं म्हणून अधीक्षक या नात्याने तुम्ही दोन वर्षांत तीन निवेदनं आमदारांमार्फत मंत्र्यांपर्यंत पोचवलीत. तिन्हींवर "तपासून उचित कार्यवाही करावी" असा शेरा पडला आणि पुढे काही हललं नाही. आता शासनाकडून पैसा मिळवायचा तरी कसा, असं तुम्ही विचारता.

मी आरोग्य सेवेतून निवृत्त झालोय. आधी याच जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयाचा अधीक्षक होतो आणि शेवटची काही वर्षं तुमच्यासारख्यांचे प्रस्ताव तपासायच्या टेबलावर काढली. म्हणजे हा कागद मी लिहिलाही आहे आणि त्रुटी काढून परतही पाठवलाय. दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगतो.

आधी त्या तीन निवेदनांचं काय झालं असेल ते. मंत्र्यांच्या कार्यालयातून कागद सार्वजनिक आरोग्य विभागात जातो, तिथून संचालनालयात, तिथून पुणे मंडळाच्या उपसंचालकांकडे, तिथून औंधला जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. आणि तिथून, दोन-चार महिन्यांनी, तुमच्याच टेबलावर: "सोबतच्या निवेदनाबाबत स्वयंस्पष्ट अहवाल अभिप्रायासह सादर करावा." तुमची आवक नोंदवही चाळून बघा, तिन्ही पत्रं सापडतील. बहुधा तुमच्या लिपिकाने "इमारत जीर्ण झाली असून नवीन इमारतीची नितांत आवश्यकता आहे" अशी चार ओळींची उत्तरं पाठवली असतील आणि फाइल तिथेच निजली असेल. वर कोणी मुद्दाम अडवलं असं मला वाटत नाही. त्या चार ओळींवर मंजुरी देता येईल असं काही कोणाच्या हातात आलंच नाही, एवढंच.

म्हणून मी सांगतो ते पहिलं काम इमारतीचं नाही. रेफर रजिस्टर उघडा, म्हणजे आपल्याकडे उपचार होत नाहीत म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांची वही.

मी अधीक्षक असताना आमचाही असाच प्रस्ताव दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा पाठवण्याआधी आमच्या प्रसूती कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, आपण भिंतींचे फोटो पाठवतो, पण रोज ॲम्ब्युलन्समध्ये कोणाला बसवतो ते कुठे सांगतो?" त्या रात्री ओपीडी संपल्यावर आम्ही दोघं आणि एक फार्मासिस्ट ड्रेसिंगच्या टेबलाभोवती बसलो. वर्षभराच्या दोन जाडजूड वह्या, कोपरे दुमडलेल्या, बीटाडीनचे डाग पडलेल्या. जवळजवळ प्रत्येक पानावर तेच तीन शब्द: "रेफर टू ससून", म्हणजे पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. कारणाचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा. सिस्टरना मात्र निम्म्याअधिक केसेस तोंडपाठ. "ही आडवी आलेली होती, भूलतज्ज्ञ नव्हते. ह्या बाळाला वॉर्मर नव्हता. हा ट्रॅक्टरखाली आलेला, सीटी नाही आपल्याकडे. ही रक्त नाही म्हणून पाठवली, चाकणच्या पुढे गेल्यावर गाडीतच गेली." त्यानंतर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आम्ही आखीव कागदावर रकाने पाडले: तज्ज्ञ नाही, यंत्र नाही, रक्त नाही, खाट नाही, जागा वापरण्याजोगी नाही. प्रत्येक रुग्णासाठी एक रेघ.

सगळ्यात लांब रकाना "भूलतज्ज्ञ नाही" हा निघाला. "जागा" हा रकाना त्यामानाने आखूड होता. आम्ही दोनदा नवी इमारत मागितली होती, आणि ती उद्या मिळाली असती तरी त्या बायका ससूनलाच गेल्या असत्या.

तुमच्याकडे रकान्यांची लांबी वेगळी निघेल, पण मोजल्याशिवाय एकही पत्र पाठवू नका. सलग १२ महिने मोजा. १०८ च्या गाडीने गेलेले, १०२ ने गेलेले आणि खाजगी गाडी करून नातेवाईकांनी स्वतः नेलेले वेगवेगळे ठेवा. ही तिसरी संख्या कोणीच नोंदवत नाही, आणि गरिबाच्या खिशाला ती सगळ्यात जास्त लागते. इथून ससूनला किंवा पिंपरीच्या वायसीएम या महापालिकेच्या रुग्णालयात पोचायला दिवसा किती वेळ लागतो, संध्याकाळी कारखाने सुटल्यावर किती लागतो, तेही लिहा. चाकण-मोशीचा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला किलोमीटर सांगून उपयोग नाही, मिनिटं सांगा.

या मोजणीतून प्रस्तावाचा कणा मिळतो. केंद्राच्या निकषांत प्रथम संदर्भ सेवा केंद्र म्हणवून घ्यायला तीन गोष्टी चोवीस तास लागतात: सिझेरियनसह तातडीची प्रसूती सेवा, नवजात बालकाची काळजी आणि रक्त साठवण्याची सोय. यातली कोणती तुमच्याकडे आहे, कोणती कागदावर आहे, कोणती रात्री आठनंतर बंद पडते, हे स्पष्ट लिहा. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं २०२२ मध्ये सुधारली, त्यांत दर १,००० लोकसंख्येमागे किमान १ खाट आणि शक्यतो २ असं धरलंय. तालुक्याची लोकसंख्या घ्या, तुमच्या आणि बाकीच्या ग्रामीण रुग्णालयांच्या खाटा मिळवा, फरक मांडा. फक्त जनगणना २०११ ची आहे, तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती. औद्योगिक पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार त्यात नाहीत. त्यांचा हिशोब ओपीडीच्या केसपेपरवरच्या पत्त्यांवरून दाखवा.

आता प्रस्तावाबद्दल. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका अर्जात घातल्यात. ५० च्या १०० खाटा करणं म्हणजे श्रेणीवर्धन. त्यासाठी नवी पदं लागतात, म्हणून तो विषय विभागाच्या बृहत आराखड्यात (कुठे कोणतं रुग्णालय हवं याच्या राज्यभराच्या यादीत) बसावा लागतो आणि वित्त विभागासमोर जातो. आहे त्या ५० खाटा नीट चालवणं म्हणजे दुरुस्ती, विद्युतीकरण, यंत्रसामग्री. हा विषय बराचसा जिल्ह्याच्या पातळीवर सुटतो. दोन्ही एकत्र पाठवलेत की दुरुस्ती श्रेणीवर्धनाची वाट बघत बसते आणि दरम्यान छत गळत राहतं. दोन फाइली करा. दुरुस्तीची आधी.

त्याच दिवशी तलाठ्याकडून सातबारा काढा, गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका. जुन्या रुग्णालयांची जागा पुष्कळदा कुणा दात्याने दिलेली असते आणि ती अजून ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या किंवा दात्याच्या आजोबांच्या नावावर असते. चांगले प्रस्ताव या एका कागदापायी वर्ष-वर्ष अडकलेले मी पाहिलेत.

इमारत पाडायची की राखायची हे तुम्ही ठरवू नका आणि गावातल्या कंत्राटदाराला तर मुळीच ठरवू देऊ नका. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांना संरचनात्मक परीक्षणासाठी पत्र द्या. पुण्यात आपल्याला सीओईपीसारखी अभियांत्रिकी संस्था हाताशी आहे, तिथल्या स्थापत्य विभागाचा अहवाल असला की वर कोणी शंका काढत नाही. खांब-तुळया ठोकून, ध्वनिलहरींनी तपासून ते काँक्रीट आतून कसं आहे ते सांगतात. पुष्कळदा असं निघतं की १९७० च्या दशकातला स्लॅब गेलाय, पण मागचा इंग्रजांच्या काळातला दगडी दवाखाना ठणठणीत आहे. तो पाडू नका. तिथे ओपीडी किंवा भांडार छान चालतं. आणि जो भाग पाडायचाच, त्याचं निर्लेखन, म्हणजे सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून ती कमी करणं, आधी मंजूर करून घ्या. त्याशिवाय कुदळ लावता येत नाही, आणि ही मंजुरी बरेच महिने खाते. पाडकामाच्या काळात प्रसूती कक्ष कुठे हलवणार हे प्रस्तावातच लिहा. हे पान ज्या प्रस्तावात असतं तो वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला काम खरंच करायचंय.

विजेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. बांधकाम विभागाची विद्युत शाखा वेगळी आहे, तिचं अंदाजपत्रक वेगळं असतं, आणि स्थापत्यच्या अंदाजपत्रकात वीज "एकूण खर्चाच्या अमुक टक्के" अशी एका ओळीत उरकली जाते. ते मान्य करू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. त्या वर्षी मी रात्री राउंडला गेलो की वॉर्मरच्या प्लगला हात लावून गरम लागतो का बघायचो. जुन्या इमारतीत चार पंखे आणि आठ दिव्यांसाठी टाकलेल्या तारांवर आपण आज वॉर्मर, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि दोन एसी लावतो. म्हणून सगळ्या यंत्रांच्या भाराची यादी करा, महावितरणकडून मंजूर भार किती आहे ते बिलावरच असतं, ते दोन आकडे शेजारी ठेवा. फरक बघून तुम्हालाच झोप लागणार नाही. नवं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), वेगळी पॅनेल रूम, जनित्र, अर्थिंग, हे सगळं नावानिशी मागा. अग्निसुरक्षेचं २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत द्यायचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र तुमच्याकडे नसेल तर ते का नाही हेही लिहा. लपवू नका. ही त्रुटी लेखी कळवणं तुमचं कर्तव्य आहे, आणि निधीसाठी यापेक्षा भक्कम कारण नाही.

नकाशा आला की तो फक्त डॉक्टरांनी बघायचा नसतो. आमच्या वेळी मुख्य वास्तुशास्त्रज्ञांच्या कार्यालयातून आलेला नकाशा कागदावर सुंदर होता. आमच्या जुन्या कक्षसेवकाने विचारलं, "साहेब, इथून ट्रॉली वळंल का?" मग आम्ही शाळेतून फक्की मागवली आणि मागच्या मैदानात तो शस्त्रक्रियागृहाचा भाग खऱ्या मापात आखला. भिंती, दारं, कॉरिडॉर, सगळं पांढऱ्या रेघांत. सिस्टर सलाइनचा स्टँड धरून चालल्या, दोघांनी ट्रॉली ढकलली, एकजण तिच्यावर झोपला. शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी ट्रॉली अडली, एक चाक रेघेवर, म्हणजे भिंतीत. निर्जंतुक केलेलं सामान आणि वापरून झालेले कपडे एकाच दारातून जातायत हेही तिथेच दिसलं. आम्ही फोटो जोडून बदल सुचवले आणि ते मान्य झाले. हे बांधकाम झाल्यावर लक्षात आलं असतं तर पुढची पन्नास वर्षं कुणीतरी ती ट्रॉली उचलून वळवत बसलं असतं.

अंदाजपत्रकात हमखास राहणाऱ्या गोष्टी सांगून ठेवतो: ऑक्सिजनची पाइपलाइन, रॅम्प आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, सांडपाण्याची प्रक्रिया, जैववैद्यकीय कचऱ्याची खोली, शवागार, आणि नातेवाईकांना रात्री पाठ टेकायला शेड. शेवटची वगळू देऊ नका. थंडीत पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर झोपलेली माणसं आपलीच असतात.

पैसा एकाच ठिकाणाहून मागू नका. मोठं बांधकाम राज्याच्या ४२१० या भांडवली लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून होतं. इमारतीची दुरुस्ती २०५९ मधून आणि निवासस्थानांची २२१६ मधून, म्हणून या दोन दुरुस्त्यांची अंदाजपत्रकं वेगळी हवीत. यंत्रसामग्री आणि तातडीची कामं जिल्हा वार्षिक योजनेतून मिळतात. तिथे पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात, आणि निर्णय त्यातल्या त्यात लवकर होतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. कंत्राटी तज्ज्ञ, नवजात शिशू कक्ष, प्रशिक्षण या गोष्टी तिथल्या वार्षिक कृती आराखड्यात घाला. केंद्राच्या आयुष्मान भारत पायाभूत सुविधा अभियानातले अतिदक्षता विभाग मुख्यतः जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आहेत, त्यामागे वेळ घालवू नका. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या रुग्णालयाने किती दावे केले, किती रक्कम आली, ते प्रस्तावात जोडा. कमी असतील तर आधी ते वाढवा. स्वतः मिळवलेला पैसा दाखवणाऱ्या रुग्णालयाकडे वित्त विभाग वेगळ्या नजरेने बघतो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात तो मिळू शकतो, घ्याही. फक्त एक सांगतो. माझ्या आधीच्या काळात आमच्याकडे एक चांगलं डिजिटल एक्स-रे यंत्र देणगीत आलं होतं. ते पेटीसकट जिन्याखाली पडून राहिलं, कारण थ्री-फेजचा पुरेसा भार नव्हता, खोलीला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी नव्हती आणि तंत्रज्ञाचं पद रिक्त होतं. मी रुजू झालो तोवर वॉरंटी संपली होती आणि पेटीच्या फोममध्ये उंदरांनी घर केलं होतं. यंत्र स्वीकारण्याआधी जागा, वीज, परवाना, माणूस आणि किमान पाच वर्षांचा देखभाल करार, हे पाचही लेखी नसतील तर हात जोडून नाही म्हणा.

कामाचे टप्पे असे पाडा की प्रत्येक टप्पा संपला की एक सेवा सुरू होईल. पहिल्याच अंदाजपत्रकात तीन मजल्यांचा सांगाडा धरलात आणि वर्षाला थोडी थोडी तरतूद झाली तर कंत्राटदार सळया उभ्या ठेवून निघून जातो. जिल्ह्याजिल्ह्यांत असे गंजलेले सांगाडे उभे आहेत. त्यापेक्षा पहिल्या टप्प्यात विद्युतीकरण, शस्त्रक्रियागृह, प्रसूती कक्ष आणि रक्त साठवण केंद्र पूर्ण करा. कुलूप उघडून दिवा लावता येईल असं. तिथे पहिलं सिझेरियन झालं की दुसऱ्या टप्प्यासाठी तुम्हाला निवेदन द्यावं लागणार नाही, गावच देईल.

पदनिर्मितीचा प्रस्ताव मात्र कंत्राटदाराला काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश निघेल त्या दिवशीच पाठवा, इमारत पूर्ण व्हायची वाट न बघता. आकृतिबंध (कोणती पदं किती, याचा तक्ता) मंजूर व्हायला बांधकामापेक्षा जास्त वेळ लागतो. इमारत तयार, फीत कापलेली, आणि आत माणूस नाही म्हणून कुलूप, हे फार वेदनादायक दृश्य असतं. दरम्यान भूलतज्ज्ञासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून प्रति केस मानधनाची सोय बघा आणि तुमच्या एखाद्या तरुण एमबीबीएस डॉक्टरला भूल देण्याच्या प्रशिक्षणाला पाठवा. आमचा रकाना मुळात त्यानेच आखूड झाला.

लोकप्रतिनिधींकडे जाताना जाड फाइल नेऊ नका, एक पान न्या. वर रेफर झालेल्यांचा तक्ता, खाली तीन मागण्या, प्रत्येकीपुढे रक्कम, लेखाशीर्ष आणि फाइल आज कोणत्या कार्यालयात आहे ते. सत्तेतल्या आणि विरोधातल्या, दोघांनाही तेच पान द्या. तुम्ही सेवेत आहात, वर्तणूक नियम तुम्हाला लागू आहेत, म्हणून वर्तमानपत्राकडे स्वतः जाऊ नका. रुग्ण कल्याण समितीतले अशासकीय सदस्य, ग्रामसभांचे ठराव, महिला बचत गट यांना बोलू द्या. ज्या बाईची सून अर्ध्या वाटेत अडकली होती, ती जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभी राहिली की तिच्याएवढं कोणालाच सांगता येत नाही.

वेळापत्रकही पाळा. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचे प्रस्ताव विभागात शरद ऋतूतच गोळा होतात, जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा त्याच्या मागोमाग हिवाळ्यात. पुरवणी मागण्या पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात येतात. फेब्रुवारीत गेलात तर उरलासुरला निधी मिळेल, पण तो ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा म्हणून घाईत नको त्या वस्तू घेतल्या जातील.

तुम्ही जुलैत विचारलंत हे बरं झालं. गळती आत्ताच दिसते. उद्या सकाळी राउंडला जाताना इमारतीच्या नकाशाची झेरॉक्स बरोबर घ्या, जिथे पाणी ठिबकतंय तिथे लाल पेनाने खूण करा, तारीख दिसेल असा फोटो काढा, आणि रोज करा, पाऊस थांबेपर्यंत. उपअभियंता ऑक्टोबरात पाहणीला येतील तेव्हा भिंती वाळलेल्या असतील. तो नकाशा त्यांच्या हातात द्या. रेफर रजिस्टरची मोजणी गणपतीच्या आत झाली तर तक्ता मला पाठवा, रकाने मी स्वतः तपासून देतो. आणि मोजायला सिस्टरना बरोबर घ्या, वहीत नसलेलं त्यांनाच आठवतं.